काळजी करणाऱ्याच्या जिवावर

हल्ली आनंदी राहणं सक्तीचं झालंय. पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्याही आधी, फोनवर सूर्य उगवतो. सूर्याच्या पोटात गुलाब, गुलाबावर दवबिंदू आणि खाली ‘नेहमी सकारात्मक राहा’ असा दम. पाठवणारे गृहस्थ कोण, तर ज्यांचा सोसायटीचा मेंटेनन्स गेल्या दिवाळीपासून थकलाय ते. सकारात्मक राहायला त्यांचं काय जातंय? त्यांच्या वाटणीचं नकारात्मक राहायला खजिनदार आहेत की. टाकीचा व्हॉल्व्ह, लिफ्टचं कंत्राट, वॉचमनचा पगार आणि थकबाकीदारांची यादी डोक्यात घेऊन तो बिचारा रात्री दोनला छताकडे बघत पडलेला असतो, म्हणून पहाटे यांच्या नळाला पाणी येतं आणि यांना फुलं सुचतात.

मला काय म्हणायचंय ते इथेच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. जगात जेवढी म्हणून आनंदी माणसं दिसतात ती कुणाच्या तरी काळजीवर, कुणाच्या तरी संतापावर, झालंच तर कुणाच्या तरी किळसेवर पोसलेली असतात. घरातला एक जण ‘मी टेन्शन घेत नाही’ असं छाती फुगवून सांगतो तेव्हा खुशाल समजावं, की ते स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय.

हसण्याशी माझं वैर नाही. आमच्या बागेतल्या हास्यक्लबाबद्दल मला आदर आहे; सकाळी सहाला विजार आणि मफलर घालून, समोर काहीही विनोदी नसताना (एकमेकांचे अवतार सोडले तर) हसणं हे सोपं काम नाही. पण या हास्यक्लबाची जन्मकथा फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, लोखंडवाला भागातल्या एका बागेत, पाच जणांना घेऊन तो सुरू केला. तेव्हा रीतसर विनोद सांगून हसायची पद्धत होती. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला आणि चावट, कुणाला तरी झोंबणारे विनोद बाहेर यायला लागले. लोक वैतागले, काही जण सोडून जायची भाषा बोलू लागले. तेव्हा कटारियांनी विनोदाशिवाय हसायची शक्कल काढली. म्हणजे आज देशोदेशी जी माणसं विनाकारण खदाखदा हसतात, त्यांच्या हसण्याच्या मुळाशी काही सभासदांचा रास्त वैताग आहे. ते पहिले सभासद ‘जाऊ दे, सकारात्मक राहू’ म्हणाले असते, तर क्लब दुसऱ्याच महिन्यात चावट विनोदांसकट बुडाला असता.

भरतमुनींना या बाबतीत कसलाही भ्रम नव्हता. नाट्यशास्त्रात त्यांनी जे आठ स्थायीभाव सांगितले त्यांत शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा असे चार आहेत. निम्मा कारभार यांच्याकडे, आणि हसण्याला आठातली एक जागा. माणसाच्या मनाचं एवढं व्यवहारी अंदाजपत्रक पुन्हा कुणी मांडलं नसेल. आपण मात्र निम्मा स्टाफ घरी बसवून कंपनी चालवायला निघालोय.

आता आमच्या तळमजल्यावरच्या काकांचं बघा. काळजी करणं हा त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळातला उद्योग नाही, पूर्णवेळ नोकरी आहे. सोसायटीची गणपतीपुळ्याची सहल ठरली आणि बाकीचे ‘मासे कुठे चांगले मिळतात’ या प्रश्नावर भांडत असताना काकांनी यादी करायला घेतली. निघायच्या दिवशी त्यांची पिशवी सगळ्यांत फुगलेली. तिच्यात टॉर्च, टॉर्चचे जादा सेल, मेणबत्ती, सेल आणि मेणबत्ती दोन्ही दगा देतील म्हणून आणखी एक टॉर्च, नायलॉनची दोरी, सुईदोरा, सेफ्टी पिना, आधार कार्डाच्या झेरॉक्स, ओवा, आमसुलं, लिंबं आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या नीट खळ लावून केलेल्या पिशव्या होत्या. स्वतः काकांना काकूंनी दोनदा परत घरात पाठवलं. एकदा गॅस बंद केलाय का बघायला, आणि एकदा, आधी बघितलं तेव्हा खरंच बघितलं होतं का, ते बघायला.

तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ हातात नुसता गॉगल घेऊन आले. “काका, चिल मारा हो. काही होत नाही. पॉझिटिव्ह थिंकिंग ठेवा, सगळं मस्त होतं!” भाऊंच्या मागे त्यांची दोन मुलं, दोघांच्या हातात मिसळ खाऊन झाल्यावरची आइस्क्रीम. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मुलांकडे बघितलं, आइस्क्रीमकडे बघितलं, आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा पिशवीच्या तळातून काढून वर ठेवला.

कोयनानगर मागे पडलं आणि कुंभार्ली घाट लागला. तिसऱ्या वळणाला धाकटा गप्प झाला. पाचव्या वळणाला थोरला पांढरा पडला. भाऊंनी गॉगल काढला आणि आयुष्यात प्रथमच अत्यंत नम्र आवाजात विचारलं, “काका, एखादी पिशवी आहे का हो?” काकांनी पिशवी दिली, लिंबू दिलं, आमसूल दिलं, पुसायला जुना पंचा दिला. चिपळूणला चहाला उतरल्यावर भाऊ पुन्हा ताजेतवाने होऊन सगळ्यांना सांगत होते, “बघा, म्हटलं नव्हतं का? सगळं मस्त होतं!”

काकांसारख्या माणसांचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. ज्यूली नोरेम आणि नॅन्सी कँटर या दोन अमेरिकी स्त्री-मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. काही माणसं आधी वाईटात वाईट काय होईल ते तपशीलवार रंगवतात, मग त्या प्रत्येक वाईटाचा बंदोबस्त करतात आणि काम आशावाद्यांइतकंच चोख पार पाडतात. गंमत पुढेच आहे. अशा माणसांना ‘तुमचं छानच होणार, काळजी कसली करता’ असा धीर दिला, की त्यांचं काम बिघडतं! माझ्या मते हा निबंध मराठीत आणून प्रत्येक दहावीच्या विद्यार्थ्याच्या मामाला वाटला पाहिजे. परीक्षेच्या आदल्या रात्री येऊन ‘अरे तू तर हुशार आहेस, तुला काय लागतंय’ म्हणणारा मामाच पुष्कळदा पाच टक्के खाऊन जातो.

बरं, काकांच्या काळजीतल्या शंभरातल्या नव्वद गोष्टी घडतच नाहीत, मग ती वाया गेली का? रँडॉल्फ नेस नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ आहेत, वाईट भावना कशासाठी असतात यावरचं त्यांचं पुस्तक २०१९ साली आलं. त्यांचा हिशेब सोपा आहे. धूर ओळखणारा भोंगा दहादा नुसत्या फोडणीवर कोकलला तरी नुकसान काय, तर कानाला त्रास. एकदा खऱ्या आगीला गप्प बसला तर घर जातं. म्हणून निसर्गाने भीतीचा भोंगा मुद्दामच हळवा ठेवलाय. आपण त्याला भित्रेपणा म्हणतो. विमा कंपन्या त्याला व्यवसाय म्हणतात. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ला स्थापन झालं ते देशाच्या आशावादावर नक्कीच नाही. आपल्याकडे दिवाणखान्यात बसून ‘समजा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं’ असं बोलायची आणि वर चहा-पोहे खाऊन जायची मुभा एकट्या विमा एजंटला आहे. दुसरं कुणी बोललं तर आजी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून अंगावर येईल.

भीती अजिबातच नसली तर काय होतं तेही पाहून झालंय. अमेरिकेत आयोवामधल्या संशोधकांनी एका बाईंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शास्त्रात त्यांना एस. एम. एवढंच म्हणतात. एका दुर्मिळ आजाराने त्यांच्या मेंदूतल्या, भीतीचं खातं सांभाळणाऱ्या, बदामाएवढ्या दोन्ही गाठी निकामी झाल्या होत्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांची हकिकत आहे. ‘मला साप अजिबात आवडत नाहीत’ असं सांगणाऱ्या या बाई प्राण्यांच्या दुकानात गेल्या आणि साप हातात घेऊन त्याच्या लवलवत्या जिभेला बोट लावत बसल्या. मोठे, विषारी साप मागायला लागल्या, ते दुकानदाराने दिले नाहीत. भुताटकीच्या तमाशात नेलं तर भुताचा वेष घेतलेल्या माणसाला यांनीच डोक्यात बोट टोचून दचकवलं. इथवर गंमत आहे. पण एका रात्री बागेतल्या एका माणसाने यांच्या गळ्याला चाकू लावला, त्यातून सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बागेवरून पुन्हा आरामात चालत गेल्या. बाईंना जन्मभर ‘पॉझिटिव्ह’ राहण्याची सोय लागली होती आणि ती त्यांच्या जिवावर उठली होती. पुढे २०१३ साली संशोधकांनी त्यांना कर्बवायू मिसळलेली हवा हुंगवली, तेव्हा मात्र घुसमटून बाईंची घाबरगुंडी उडाली. निसर्गाने एक भोंगा मागच्या दाराशीही ठेवला होता म्हणायचा.

उलट डार्विनसारखा विचारी माणूस. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने नाक लावलं आणि मनाशी ठरवलं, की सापाने झेप घेतली तरी मागे सरायचं नाही. सापाने झेप घेतली आणि डार्विनसाहेब क्षणात एक-दोन यार्ड मागे! १८७२च्या भावभावनांवरच्या पुस्तकात त्याने हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. काच आहे हे त्याच्या बुद्धीला पटलं होतं, पायांना विचारलं नव्हतं.

त्याच पुस्तकात किळसेचा एक झकास किस्सा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला डार्विन टिकवलेलं गार मांस खात बसला होता. तिथल्या एका स्थानिक माणसाने ते बोटाने चाचपून पाहिलं आणि त्या लिबलिबीत पदार्थाची त्याला शिसारी आली. आणि आपल्या ताटातल्या घासाला या उघड्या माणसाने बोट लावलं म्हणून डार्विनला शिसारी आली. माझ्या मते ही घटना जगाच्या टोकाला घडली असली तरी तिच्यातली दोन्ही पात्रं आमच्या घरातली आहेत.

रविवारी फ्रिजमधून शुक्रवारच्या आमटीचं पातेलं निघतं. झाकण उघडून आई आधी लांबून वास घेते, मग जवळून. मग कपाळाला आठी. मग ते पातेलं घरभर फिरतं. “बघ रे, वास येतोय का?” ज्याला विचारलं त्याने नाही म्हटलं तर “नीट घे वास” म्हणून पातेलं पुन्हा नाकाशी. घरात एक आशावादी असतोच. तो हॉलमधून, पातेल्याकडे न बघता, ओरडतो, “काही होत नाही, एक उकळी काढ!” या ‘काही होत नाही’वर पोटाच्या डॉक्टरांचे किती ब्लॉक झाले असतील याचा हिशेब कुणी मांडायला हवा. सूक्ष्मदर्शक यायच्या हजारो वर्षं आधीपासून माणसाला जंतूंपासून वाचवत आली ती ही आठीच. आमटी सिंकमध्ये जाते, आई तीन वेळा हात धुते, आणि आशावाद्याचं पोट ठणठणीत राहतं. ते तसं राहिलं याचं श्रेय तो रोज सकाळी पितो त्या कारल्याच्या रसाला देतो.

रागाचं प्रकरण थोडं मोठं आहे, कारण त्याच्यासाठी एके काळी स्वतंत्र खोली असायची. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथाच्या महालात क्रोधागार आहे. तेच आपलं कोपभवन. कैकेयी दिसेना म्हणून राजा शोधत आला तर द्वारावरच्या सेविकेने हात जोडून वर्दी दिली, की राणीसाहेब फार रागावून तिकडे गेल्यात. काय सुसंस्कृत व्यवस्था! रागावलेल्या माणसाने कुठे जायचं ते ठरलेलं, आणि तो तिथे आहे हे सिक्युरिटीला माहीत. आजचा बिल्डर माहितीपत्रकात योगा डेक देतो, मेडिटेशन झोन देतो, ज्येष्ठांसाठी गप्पांचा पार देतो, पण रुसून बसायला अडीच बाय अडीचची जागा देत नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये माणसाने फुगायचं म्हटलं तर बाथरूम उरतं, आणि तिथे पाच मिनिटांत दुसरं कुणीतरी दार वाजवतं. (कोपभवनाचा पहिला गाजलेला वापर राज्याला फार महागात पडला हे मला मान्य आहे. पण दोष खोलीचा नव्हता, आत जाऊन शब्द दिला त्याचा होता.)

आणि रागाची रीतसर वकिली महाभारतात द्रौपदीने केली आहे. वनपर्वात, जंगलात शांतपणे बसलेल्या युधिष्ठिराला ती प्रल्हादाने बळीला केलेला उपदेश ऐकवते. प्रल्हाद सांगतो, सदा सर्वकाळ क्षमा करत बसलेल्या माणसाचे नोकर त्याची वाहनं घेऊन जातात, त्याचे कपडे, दागिने, अंथरुणं वापरतात, त्याचं खाणंपिणं फस्त करतात, सांगितलेलं काम करत नाहीत आणि वर उलटून बोलतात. सतत रागावणाऱ्याचेही तोटे तो तितक्याच तपशिलाने सांगतो, तेव्हा त्याच्यावर एकांगीपणाचा आरोप करता येणार नाही. पण ती पहिली यादी वाचताना प्रल्हादाने कधीतरी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं असावं अशी दाट शंका येते.

आमच्या गच्चीचं काम निघालं तेव्हा अगदी हेच झालं. कंत्राटदाराने निम्मे पैसे आधी घेतले, निम्मी गच्ची केली आणि गेला. त्याच्या माणसांनी आमची शिडी नेली, बादल्या नेल्या. जिन्यातला बल्बही नेला. सभेत सगळे समजूतदारपणाच्या स्पर्धेला बसल्यासारखे बोलत होते. “त्याचीही काही अडचण असेल.” “वाईट वाटून घेऊ नका.” भाऊंनी तर कंत्राटदाराला मनातल्या मनात माफ करण्याचं एक तंत्रही सांगितलं, डोळे मिटून करायचं होतं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. त्यांच्या बेडरूमच्या छताला भारताच्या नकाशाएवढी ओल आली होती. त्यांनी भर सभेत, स्पीकर चालू ठेवून, कंत्राटदाराला फोन लावला. पुढची चार मिनिटं त्या जे बोलल्या त्यात एकही अपशब्द नव्हता, पण कंत्राटदाराच्या वडिलांना त्या शाळेपासून कशा ओळखतात, तो मुद्दा आला आणि पलीकडून ‘मावशी, मावशी’ असं ऐकू यायला लागलं. सोमवारी सकाळी आठला माणसं हजर. बल्बसुद्धा परत. काम पूर्ण झाल्यावर कोरड्या गच्चीवर कोजागरीचं दूध प्यायला सगळे समजूतदार जमले, आणि काकूंबद्दल एकमताने म्हणाले, “बाई चांगली आहे, जरा तापट आहे एवढंच.”

इतिहासातही संतापाची बिलं अशीच दुसऱ्यांनी भरलेली असतात आणि दूध आपण पितो. सरकारचं डोकं ठिकाणावर आहे का, हे १८९७ साली अग्रलेखातून विचारलं गेलं ते मन प्रसन्न ठेवून नव्हे. आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायला गेली ती ‘आहे त्यात समाधान माना’ हा सुविचार भिंतीवर लावून गेली नव्हती.

मत्सराबद्दल फार बोलत नाही, कारण तो आपल्याला होत नाही, शेजाऱ्यांना होतो. एवढंच नोंदवतो, की नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की दुसऱ्याचं नुसतं कौतुक वाटून माणूस कामाला लागत नाही. हेवा वाटला की लागतो. अर्थात त्याचे पाय ओढणारा हेवा नव्हे, ‘मलाही ते पाहिजे’ असा. घराघरांत ‘बघ, समोरच्या मुलीला शहाण्णव टक्के’ हे वाक्य कुठल्याही संशोधनाविना पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण आपण त्याचा निबंध केला नाही, त्यांनी केला.

एक गोष्ट गंभीरपणे: काळजी झोप खायला लागली, राग हातात उतरायला लागला, उदासी आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठू देईना, तर ते डॉक्टरांकडे न्यायचं काम आहे. तिथे लेख नको आणि गुलाबाचं फूल तर मुळीच नको.

राहता राहिली उदासी. सिडनीतल्या जोसेफ फोर्गस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एका दुकानात काउंटरवर लहानसहान वस्तू मांडून ठेवल्या आणि बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं, काय काय पाहिलंत? लख्ख उन्हाच्या दिवशी खुशीत आलेल्यांना फारसं आठवेना. पावसाळी, मळभ आलेल्या दिवशी खिन्न मनाने आलेल्यांनी भराभर यादी सांगितली. मन उदास असलं की माणूस बारकाईने बघतो आणि बघितलेलं विसरत नाही.

हे वाचलं आणि कोकणाचं कोडं सुटलं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार-चार महिने उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही आणि पडवीत बसून समोरच्या गडग्याकडे बघण्यावाचून उद्योग नसतो, तिथल्या माणसाची स्मरणशक्ती काय असणार! रत्नागिरीकडचे आमच्या नात्यातले एक आजोबा आहेत. हद्दीवरच्या फणसावरून चुलतभावाशी त्यांचा वाद मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो तेव्हापासून चालू आहे. गेल्या वर्षी शेवटी सरकारी मोजणी आली. भूकरमापकाने यंत्र लावलं, नकाशा पसरला, आणि हद्दीचा दगड काही केल्या सापडेना. आजोबा काठी टेकत आले. “करवंदीच्या जाळीखाली बघा. ज्या पावसात आमची तांबू गाय गेली, त्याच पावसात गडगा ढासळला आणि ह्याच्या बापाने दगडावर माती लोटली. मी पडवीतून बघत होतो.” जाळी तोडली, माती उपसली, दगड तिथेच. भूकरमापक नकाशाची गुंडाळी करत म्हणाला, “आजोबा, कमाल आहे! फणस तुमचाच निघाला.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावाने मुकाट मान डोलवली आणि घरात जाऊन सगळ्यांसाठी कोकम सरबत पाठवलं. आजोबांनी ते हातात घेतलं, प्यायले मात्र नाहीत. एकदा फणसाकडे बघितलं, एकदा चुलतभावाच्या घराकडे बघितलं आणि चिंतातुर होऊन मला म्हणाले, “आता पावसाळ्यात करायचं काय रे?”